कंट्रोलरांनी सोडलेली शेवटची गाडी

"उद्यापासून कुठली गाडी किती वाजता सुटते, हे मला कुणी विचारायचं नाही," निवृत्तीच्या समारंभात कंट्रोलरांनी जाहीर करून टाकलं. "विचारलंत तरी मी सांगणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना वाटेला लावलं, आता मी स्वतः वाटेला लागतो!"

टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या भरात त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं आणि मागची माणसं उठून बघायला लागली. कंट्रोलरांचं मनगट घड्याळाशिवाय कुणी पाहिलेलंच नव्हतं. ड्रायव्हर मंडळींचं तर म्हणणं होतं, की ते घड्याळ घालूनच जन्माला आले, आणि तेही वेळेवर.

बसस्थानकाच्या मधोमध काचेची केबिन, केबिनला अर्धगोल खिडकी आणि खिडकीमागे कंट्रोलर, हे चित्र गावानं दोन पिढ्या पाहिलं होतं. त्यांच्याशिवाय स्थानकातून बस सुटत नसे. ते केबिनबाहेर यायचे, बसभोवती एक फेरी मारायचे, मागचं दार स्वतः लावायचे, पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्याऽ!" मग बस वळणाआड होईपर्यंत हात वर करून उभे राहायचे आणि परत केबिनमध्ये. बस निघाल्यावर कुणी धापा टाकत आलंच, तर त्याच्यासाठी एक वाक्य राखून ठेवलेलं असे: "दोन मिनिटं आधी यायला काय होतं?" हे वाक्य ऐकून घेतल्याशिवाय त्या गावात कुणाचीही बस चुकली नव्हती.

थापांची सवय तर हाडीमाशी खिळलेली. घरून जावयाची मोटार निघाली की दोन थापा. नातवाची बाबागाडी फिरायला निघाली तरी तिच्या टपावर हलक्या हातानं दोन थापा आणि "जाऊ द्या". नातू पहिला शब्द बोलला तो "जाद्या" होता. आजोबांना त्याचा फार अभिमान वाटला. नातवाच्या आईला तेवढा वाटला नाही.

आणि इतकं सगळं करून कंट्रोलर स्वतः कुठेही गेले नव्हते. शंभर गावांच्या गाड्या त्यांना तोंडपाठ होत्या, पण त्यातलं एकही गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खिडकीपाशी बसलेला एखादा प्रवासी मान बाहेर काढून वारा खात जाताना दिसला, की त्यांना त्याचा हेवा वाटायचा. आपणही एकदा असं जायचं, हे त्यांनी कधीचं मनाशी ठरवलं होतं. फक्त कुणाजवळ बोलले नव्हते.

पोटापाण्यासाठी हातात कला होती. स्थानकावरची बाकं सारखी मोडायची आणि सुतार कधी वेळेवर यायचा नाही. वेळेवर न येणारा माणूस कंट्रोलरांना चालत नसे, म्हणून ते स्वतःच हातोडी धरायला शिकले. बाकांवरून स्टुलांवर आले आणि तिथेच रमले. त्यांचं स्टूल दिसायला म्हणाल तर फार देखणं नव्हतं. पण त्यावर हत्ती बसवला तर हत्ती कंटाळून उठला असता, स्टूल कुरकुरलं नसतं. उचलायला मात्र दोन माणसं लागायची.

"हे स्टूल नाही," त्यांची पत्नी म्हणायची, "ही जबाबदारी आहे."

पत्नीला सगळं गाव व्हॅनकाकू म्हणत असे. काकू शाळेची व्हॅन चालवायच्या. त्यांचाही एक नियम होता. दारापुढे तीन हॉर्न. पहिल्याला बूट, दुसऱ्याला दप्तर आणि तिसऱ्याला गाडी हलली. मूल उंबऱ्यात उभं असो, नाहीतर पायरीवर, तिसरा हॉर्न म्हणजे तिसरा हॉर्न. काकूंची मुलं पुढे आयुष्यात फार काही झाली नाहीत, पण जिथे गेली तिथे वेळेवर पोचली. कंट्रोलरांना गाडी चालवता येत नव्हती. गाड्या सोडणाऱ्याला गाडी यायलाच हवी असं थोडंच आहे?

तेव्हा बेत असा ठरला. घराला कुलूप लावायचं, व्हॅनमधली मागची बाकं काढून तिथे माल भरायचा, म्हणजे काकूंच्या कापडी बाहुल्या आणि कंट्रोलरांची स्टुलं, आणि गावोगाव हिंडत, विकत, राहत जायचं. रात्री व्हॅनमध्येच पथारी. बेत कंट्रोलरांचा, गाडी काकूंची. त्यामुळे अट घालायचा हक्कही काकूंचाच.

"एकच सांगते," काकू म्हणाल्या. "पहिल्या ठिकाणी तुमचं एक तरी स्टूल विकलं गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी वळवायची आणि घरी."

"एक? अगं, डझनभर नेतोय. डझनभर संपतील."

"संपली तर मी नाचेन. माझी अट एकाची आहे."

घरी म्हणजे कुठे, हे दोघांनाही ठाऊक होतं. आगारानं कंट्रोलरांना चौकशीच्या खिडकीत अर्धा दिवस येऊन बसायची गळ घातली होती. कंट्रोलरांनी ताठ मानेनं नकार दिला. पण आगारप्रमुखही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं खुर्ची रिकामीच ठेवली आणि वर सांगितलं, "साहेब येतील परत." त्या रिकाम्या खुर्चीची आठवण झाली की कंट्रोलर हातातल्या स्टुलाला आणखी दोन खिळे ठोकायचे.

निघाले. कंट्रोलर आयुष्यात पहिल्यांदा खिडकीशी बसले, मान बाहेर काढली आणि वारा खायचा सोडून सूचना द्यायला लागले. समोर सायकल आहे. सायकल डावीकडे आहे. सायकल गेली. आता वळण येईल. आलं. काकूंनी त्या वळणावरच गाडी उभी केली, त्यांना खाली उतरवलं आणि मागे स्टुलांमध्ये नेऊन बसवलं. तशीही वळणावळणाला स्टुलं सरकत होती, त्यांना धरून बसायला कुणीतरी हवंच होतं. पुढच्या आणि मागच्या भागाच्या मध्ये बाहुल्यांची उंच फळी होती. त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नसे, पण बोललेलं ऐकू यायचं. काकूंच्या मते संसाराला एवढं पुरे होतं.

दोन रस्ते मिळतात तिथे एक भलंमोठं झाड होतं. खाली गार सावली, पुढे थोड्या अंतरावर पूल. काकूंनी जागा पसंत केली आणि सकाळच्या उन्हात माल मांडायला घेतला. बाहुल्या त्यांनी फांदीला टांगल्या, काही गवतात बसवल्या, दोघींना एकमेकींच्या कानात कुजबुजत ठेवलं. मग नवऱ्याकडे वळून त्यांनी समजावलं, की स्टुलंही जरा इकडेतिकडे ठेवा, एखाद्यावर फुलं ठेवा, बघणाऱ्याला आपल्या घरात ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे.

"माल शिस्तीत दिसला पाहिजे," कंट्रोलर म्हणाले.

त्यांनी सगळी स्टुलं रस्त्याकडे तोंड करून एका ओळीत लावली. दोन स्टुलांत एक वीत अंतर, वीत घालून मोजलेलं. प्रत्येकाच्या पुढच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात ठसठशीत आकडा होता, कारण आकडा नसलेली वस्तू हरवते, हे त्यांचं नोकरीतलं तत्त्व. मग चार पावलं मागे जाऊन त्यांनी डोळे भरून ती ओळ पाहिली. काहीतरी फार ओळखीचं वाटत होतं, पण काय ते काही लक्षात येईना.

पहिल्या आल्या त्या एक धष्टपुष्ट बाई. काखेत भला थोरला भोपळा. त्यांनी ओळीकडे पाहिलं, तीन नंबरवर स्वतः बसल्या, चार नंबरवर भोपळा बसवला आणि पदरानं वारा घ्यायला लागल्या. कंट्रोलरांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. पहिलंच गिऱ्हाईक, आणि बघताबघता दोन स्टुलं!

"कसं वाटतंय?" त्यांनी अदबीनं विचारलं.

"बरं केलंत बाई सोय केलीत," भोपळेवाल्या बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही."

"मग घेताय ना?"

"काय?"

"स्टूल."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी झाडच विकायला काढलंय. त्या म्हणाल्या, की मी लेकीकडे चालले आहे, बसची वाट बघतेय, स्टूल घेऊन काय करू? कंट्रोलरांनी नम्रपणे सांगितलं, की इथे बस थांबत नाही, थांबा पुलापलीकडे आहे. यावर बाई नुसत्या हसल्या. बस थांबत नाही तर ही ओळीनं आसनं मांडून ठेवलीत ती काय आरती करायला? प्रश्न बिनतोड होता.

एक माणूस बसलेला दिसला की दुसरा बसतोच. पुलाकडे निघालेले एक टेलरमास्तर, गळ्यात टेप तसाच, भोपळेवाल्या बाईंना पाहून थबकले आणि पाच नंबरवर टेकले. त्यांच्या मागून दोन कॉलेजच्या मुली, मग एक आजोबा आणि त्यांची कुबडी, मग लेकुरवाळी आई. थोड्याच वेळात एक सोडून सगळी स्टुलं भरली. व्हॅनकाकूंच्या बाहुल्या पटापट जायला लागल्या, कारण वाट बघणारं पोर रडतं आणि रडणाऱ्या पोराला बाहुली लागते. स्टुलाला मात्र कुणी किंमतसुद्धा विचारली नाही. फुकट बसायला मिळत असताना विकत घेऊन बसायला लोक काय खुळे आहेत?

तेवढ्यात बस आली. ड्रायव्हर कोवळा पोरगा होता. त्यानं ओळीनं बसलेली माणसं पाहिली आणि करकचून ब्रेक मारला. झालं! कंट्रोलरांच्या अंगातून वीज गेली. ते तडक ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले.

"थांबा कुठे आहे?"

"पुलापलीकडे, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. समोरचा माणूस साहेब आहे, हे त्याला न सांगता कळलं.

"मग इथे ब्रेक का मारलास?"

"माणसं दिसली."

"माणसं सगळीकडे दिसतात. अधिकृत थांबा नसेल तिथे ब्रेकला पाय लावायचा नाही. अगदी मी स्वतः मध्ये उभा राहून हात करत असलो, तरी नाही. लक्षात ठेवशील?"

"जन्मभर ठेवीन, साहेब," पोरगा म्हणाला, आणि तो खरोखरच लक्षात ठेवणाऱ्यांपैकी होता.

भाषण होईपर्यंत निम्मी माणसं चढलीसुद्धा होती. जी उरली ती दुसऱ्या गावांना जाणारी. आणि बस इथे थांबते, ही बातमी बसपेक्षा वेगानं गावात गेली. स्टुलं पुन्हा भरली. आता तर उभं राहायलाही लोक होते. "मी सहा नंबर," "तुमचा नंबर माझ्यानंतर," असं चाललं होतं. आकड्यांचा लोकांनी आपापल्या सोयीनं अर्थ लावला.

तरीही कंट्रोलर शब्दाला जागून होते. व्हॅनच्या पायरीवर बसून ते आभाळाकडे बघत राहिले. पण आजोबांनी टेलरमास्तरांना विचारलं, की दवाखान्याकडे जाणारी गाडी केव्हा आहे? टेलरमास्तर म्हणाले, "ती? ती आता दुपारनंतर." कंट्रोलरांच्या कपाळावरची शीर उडाली. साफ चूक! शेवटी ही वाटही त्यांच्याच स्थानकातून फुटलेली, हिच्यावरून धावणारी गाडी न् गाडी त्यांनी कधीतरी स्वतःच्या थापेनं सोडलेली. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू बाहुलीचा हात शिवत होत्या. कंट्रोलरांनी दातओठ खाऊन मान फिरवली. मग टेलरमास्तर पुढे म्हणाले, "आणि ती रविवारी नसते."

"असते!" कंट्रोलर ओरडले. "रविवारी असते, फक्त दवाखान्याच्या मागच्या दाराकडून जाते. आणि दुपारनंतर नाही, आता येईल, कचऱ्याची घंटागाडी गेली की तिच्या मागोमाग. आजोबा, उठू नका, मी सांगतो तेव्हा उठा."

धरण फुटल्यावर दोन थेंबांवर थांबत नाही. पुढच्या घटकाभरात कंट्रोलरांनी वर्तमानपत्राचा कर्णा केला होता, बायकांची रांग वेगळी केली होती, सामान एका बाजूला लावलं होतं, आणि दोन्ही दिशांच्या गाड्या कर्ण्यातून पुकारत होते. ड्रायव्हरांना थांबू नका म्हणून सांगायला ते पुढे व्हायचे आणि थांबलीच आहे तर नीट सुटावी म्हणून मागे जाऊन दार लावायचे, दोन थापा मारायचे. "जाऊ द्याऽ!" एक चहावाला कुठून तरी किटली घेऊन उगवला आणि त्यानं खोडाला टेकून संसार मांडला. अशी वस्ती वसते ती बघताबघता.

ऊन कललं तशा काकू उठल्या. बाहुल्या संपल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, किती गेली?

कंट्रोलरांच्या हातातला कर्णा खाली आला. एकही नाही. दिवसभर एकेका स्टुलावर वीस वीस माणसं बसून गेली, पण नेलं कुणी नाही. काकूंनी फक्त व्हॅनच्या तोंडाकडे पाहिलं, मग आल्या वाटेकडे पाहिलं. कंट्रोलरांच्या डोळ्यांपुढे ती चौकशीची अर्धगोल खिडकी उभी राहिली, आणि तिच्यामागची रिकामी खुर्ची.

मग त्यांनी शेवटचा उपाय केला. कर्णा तोंडाला लावला आणि जाहीर केलं, की बसलेल्या प्रवाशांनी आपापली स्टुलं विकत घ्यावीत, किंवा उठावं.

एकदम गलका झाला. परतीच्या वाटेवर असलेल्या भोपळेवाल्या बाई (भोपळा लेकीकडे पोचला होता, त्या बदल्यात पिशवीभर वांगी आली होती) तीन नंबरवर घट्ट बसून म्हणाल्या, की लोकांच्या सोयीची सरकारी स्टुलं, आणि हा गृहस्थ दिवसाढवळ्या विकतोय! परतीच्याच वाटेवरच्या टेलरमास्तरांनी आकड्यावर बोट ठेवलं. नंबर टाकलेला माल खाजगी असतो का कुठे? कंट्रोलर जीव तोडून सांगत होते, की हा थांबाच नाही, ही स्टुलं मी माझ्या हातानं केली आहेत. पण दिवसभर कर्ण्यातून गाड्या पुकारणाऱ्या माणसाचं ऐकणार कोण?

"थांबा नाही म्हणे," दवाखान्यातून परतलेले आजोबा कुबडी आपटत म्हणाले. "अहो, माझे वडील इथूनच चढायचे!"

अशा ऐन मोक्याला आगाराची जीप येऊन उभी राहिली. आतून एक लठ्ठ तपासनीस उतरला. या रस्त्यावरच्या झाडून सगळ्या गाड्या आज उशिरा का धावतायत, हे शोधत तो आला होता आणि कारण त्याच्यापुढे ओळीनं बसलेलं होतं. विनापरवाना थांबा कुणी काढला, म्हणून त्यानं दरडावून विचारलं. सगळ्यांनी कंट्रोलरांकडे बोट केलं. चहावाल्यानं तर किटलीच केली.

"हे बघा," तपासनीस म्हणाला, "मी आता रीतसर पंचनामा करणार," आणि लिहायला म्हणून सात नंबरवर बसला.

बसला तो बसलाच. त्यानं पेन उघडलं, मग बंद केलं. पाठ सरळ केली. डावीकडे झुकून पाहिलं, उजवीकडे झुकून पाहिलं. स्टूल हललं नाही. त्याचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. मग तो बोलला, तेव्हा आवाजात दरडावणी नव्हती.

"माझ्या केबिनमधली खुर्ची दोनदा मोडली," तो म्हणाला. "दोन्ही वेळा मी तिच्यावर होतो. लोक हसले. हे असं कुठे मिळतं हो?"

कंट्रोलर म्हणजे आयुष्यभर हजारो सूचना दिलेला माणूस, पण किंमत सांगायची वेळ आली तेव्हा त्याची वाचा बसली. किंमत काकूंनी सांगितली. तपासनिसानं घासाघीस न करता पैसे दिले, कारण घासाघीस करायला उठावं लागलं असतं.

पंचनामा राहिला. तपासनिसानं एवढंच बजावलं, की हा बाजार ताबडतोब उठवा. येणाऱ्या बसमध्ये त्यानं सगळ्यांना कोंबून पाठवलं. भोपळेवाल्या बाई चढताचढता बोलल्या, की चांगली सोय होती, सरकारला बघवली नाही. चहावाला किटली घेऊन तिच्यातच चढला. तपासनीस सात नंबर जीपच्या मागच्या बाजूला चढवून, त्याच्यावरच बसून गेला.

झाडाखाली दोघंच उरले. "विकलं!" कंट्रोलर म्हणाले, आणि पुन्हा एकदा म्हणाले, "विकलं गं!" काकू हसल्या. म्हणाल्या, विकलं खरं, आता अंधार पडायच्या आत पुढचं गाव गाठू. मग पुढे जाऊन स्टीअरिंगवर बसल्या. कंट्रोलरांनी एकेक स्टूल कुशीत घेऊन मागे चढवलं. एरवी दोन माणसं लागायची. आज आनंदानं एकट्यालाच उचलत होती. गाडी पुढे जाणार होती! घरी नाही, खिडकीकडे नाही, पुढे! शेवटचं स्टूल सारलं, ओळ नीट केली आणि व्हॅनभोवती एक फेरी मारली. मागचं दार लावलं. पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारल्या.

"जाऊ द्याऽ!"

गाडी गेली.

कंट्रोलर हात वर करून, कृतार्थ चेहऱ्यानं, ती वळणाआड होईपर्यंत उभे राहिले. गाडी झोकात गेली. वेळेवर गेली. मग समाधानानं वळून ते केबिनकडे परत निघाले, आणि चार पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की केबिन नाही.

मग बाकीचंही एकेक लक्षात आलं. मोबाइल गाडीत. पाकीट गाडीत. बसायला म्हणाल तर बारा स्टुलं बनवून आणलेल्या माणसाकडे एक स्टूल नव्हतं. हातात फक्त वर्तमानपत्राचा कर्णा होता. आपणच आपल्याला मागे ठेवून गाडी सोडली, हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर कंट्रोलरांनी त्याला निलंबित केलं असतं.

दुरून बस दिसली. त्यांच्या जिवात जीव आला. ते रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हात हलवायला लागले. बस जवळ आली. सकाळचाच तो कोवळा ड्रायव्हर! त्यानं साहेबांना ओळखलं, त्याचा चेहरा उजळला. साहेब परीक्षा घेतायत, हे तो तत्काळ समजून चुकला. त्यानं त्यांना अलगद वळसा घातला, एका हातानं कडक सलाम ठोकला आणि ब्रेकला पाय न लावता निघून गेला.

कंट्रोलर धुळीत उभे राहिले. रागवायचं कुणावर? पोरगा शंभर टक्के बरोबर होता.

किती वेळ गेला कोण जाणे. त्यांना घड्याळाची फार आठवण आली. आणि मग पुलापलीकडून एक हॉर्न ऐकू आला. तो हॉर्न त्यांनी ओळखला, गावातल्या सगळ्या पोरांनी ओळखला असता. व्हॅन वळून परत आली होती आणि अधिकृत थांब्यावर, कडेला, नियमात उभी होती. झाडापाशी ती येणार नव्हती. इथे थांबा नाही, हे सकाळी कंट्रोलरांनीच इतक्या मोठ्यानं सांगितलं होतं, की ते काकूंनाही ऐकू गेलं होतं.

दुसरा हॉर्न झाला. आता दप्तर! कंट्रोलर धावत सुटले. धोतर असो की पँट, धावायचं वय त्यांचं कधीच उलटून गेलं होतं, चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेतली, दुसऱ्या हातातला कर्णा तोंडाला लावला आणि पुलावरून धावताधावता ते पुकारायला लागले: "एक प्रवासी येत आहे! गाडी सोडू नये! एक प्रवासी येत आहे!"

तिसऱ्या हॉर्नसाठी काकूंचा हात वर गेला होता, तेवढ्यात कंट्रोलरांनी मागचं दार धरलं आणि स्टुलांमध्ये अंग टाकलं. बराच वेळ नुसता भात्यासारखा श्वास चालला होता. बाहुल्यांच्या रिकाम्या फळीमुळे आता दोघांना एकमेकांचं तोंड स्वच्छ दिसत होतं. सकाळी ही फळी बाहुल्यांनी भरलेली होती, आणि झाडाखालून निघताना काकूंनी तिच्यावर अंथरुणं रचली होती. ती आता खाली घेतलेली होती.

"मी मेली बोलत होते," काकू म्हणाल्या. "झाडापासून पार दुसऱ्या वळणापर्यंत. लग्न झाल्यापासून तुमच्याबद्दल जे जे चांगलं मनात आलं होतं, ते सगळं. स्टूल कसं जमलंय, दिवसभर लोकांचं किती केलंत, तुमच्याबरोबर हिंडायला निघाले हे किती बरं झालं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मागून हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, तुम्हालाही भरून आलंय. म्हणून अंथरुणं बाजूला सारून बघितलं, तर मागे अकरा स्टुलं."

कंट्रोलरांनी कर्णा खाली ठेवला. असं काही ऐकायला मिळेल याची त्यांनी उभ्या आयुष्यात आशा केली नव्हती.

"परत सांग ना," ते हळूच म्हणाले. "थोडंसं. मुख्य मुख्य तेवढं."

काकूंनी गियर टाकला.

"दोन मिनिटं आधी यायला काय होतं?"

कंट्रोलरांनी हात लांब करून दार लावलं. या खेपेला आतून.